कोजागिरीचा चंद्र मसाई पठारावरून पाहायचा तर

कोजागिरीला आपण गच्चीवर दूध आटवतो आणि बाराच्या सुमाराला वर बघतो. तोवर चंद्र जवळजवळ डोक्यावर आलेला असतो, पांढराफेक आणि लहानसा. त्याचं खरं देखणं रूप संध्याकाळीच होऊन गेलेलं असतं. म्हणून डोंगरावर जायचं तर चंद्र उगवायच्या आधी पोहोचा, बाकी सगळं त्याभोवती बसवा.

आधी दिवस पक्का करा. पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र आपल्या दोन विरुद्ध बाजूंना असतात, म्हणून एक मावळतो तेव्हाच दुसरा उगवतो. पुढे रोज चंद्रोदय साधारण ५० मिनिटं लांबतो. तिथी कधीकधी दोन दिवसांत विभागलेली असते, तेव्हा पंचांगात सूर्यास्त आणि चंद्रोदय शेजारी ठेवून बघा. दोन्हींत अर्ध्या तासापेक्षा कमी अंतर असेल ती संध्याकाळ आपली.

मग जागा. जोतिबाचा डोंगर कोल्हापूरहून जवळ आहे, पण देवळाकडे दिवे आणि वर्दळ. चैत्र पौर्णिमेला तर तिथं सासनकाठ्या आणि गुलाल. त्या दिवशी यात्रेलाच जावं. सोबत आजी-आजोबा असतील तर पन्हाळा सोयीचा, गाडी वरपर्यंत जाते. धडधाकट मंडळी असतील तर मात्र मी पन्हाळ्याच्या पुढे मसाई पठारच सांगेन. उघडा जांभा, आजूबाजूला दिवा नाही आणि पूर्वेला पन्हाळ्याची काळी रेघ. १६६० च्या आषाढ पौर्णिमेला सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निघालेले शिवाजी महाराज याच बाजूने विशाळगडाकडे गेले. ती रात्र पावसाची होती. आश्विनातल्या लख्ख चांदण्यात तिथं बसलं की त्या चिखलातली धावपळ फार जवळची वाटते.

आठ-दहा जणच घ्या. आधी एकदा दिवसा जाऊन वाट बघून या, पठारावर रात्री उशिरापर्यंत थांबलं तर चालेल का ते पायथ्याच्या गावात विचारा आणि आपण किती जण आहोत तेही सांगून ठेवा. प्रत्येक गाडीच्या चालकानं त्या दुपारी झोप काढलेली हवी, हे मी कधीच सोडत नाही. कोल्हापुरातून साडेतीनला निघा. आमचा एक गट नाश्त्याला रेंगाळला आणि आठला पोहोचला. चंद्र तेव्हा चांगला वर आला होता.

वर गवत गुडघ्याएवढं असतं, त्यात साप असू शकतात. बसायला कातळच निवडा, बूट घाला, घोंगडं न्या, कारण वारा बोचतो. फुलं उरली असतील तर त्यांच्यावर पाय नको, गाडीही पठारावर घालू नका.

चूल मांडू नका, वाळत चाललेलं गवत ठिणगीनंही पेटतं. दूध घरूनच आटवून न्यायचं. दहा जणांना तीन लिटर म्हशीचं दूध पुरतं, गंगावेशीतून ताजं आणता आलं तर उत्तम. बदाम, पिस्ता, चारोळी, वेलदोडे, केशर; जायफळ अगदी चिमूटभर, परत गाडी चालवायची आहे. गरम दूध थर्मासमध्ये भरा. जेवायला भाकरी, झुणका, ठेचा, कांदा. मधल्या वेळेला भडंग.

सूर्य मावळला की त्याच्याकडे पाठ करून बसा. पूर्वेला क्षितिजालगत निळसर-राखाडी पट्टा वर चढताना दिसेल. ती पृथ्वीची सावली. तिच्यावर गुलाबी झाक असते आणि त्याच रंगात चंद्र उगवतो, तांबूस आणि भला मोठा. मुलांना हात लांब करून करंगळीचं नख चंद्रावर धरायला सांगा: चंद्र नखाआड जातो. बाराला पुन्हा करायला लावा, तेवढंच नख पुरतं. मोठेपणा आपल्या डोळ्यांचा, चंद्राचा नव्हे. दुर्बीण असेल तर दक्षिणेकडचं टायको विवर आणि त्यातून फाकलेले पांढरे पट्टे शोधा. बाकीची विवरं पौर्णिमेला सपाट दिसतात, त्यांच्यासाठी अष्टमीचा चंद्र बरा.

टॉर्च गरजेपुरताच, तोही लाल कागद लावून. मोबाइल पिशवीत. पंधरा-वीस मिनिटांत डोळे सरावतात आणि गवताची पाती वेगवेगळी दिसू लागतात. बाराला उभे राहून आपली सावली बघा, भर दुपारसारखी पायांशी गोळा झालेली असते. मग थर्मास उघडा.