कोरा रकाना: अन्नसुरक्षा लेखापरीक्षणात नव्याने येणाऱ्यांसाठी

परभणीच्या अन्नतंत्रज्ञान महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर मी चार वर्षे एका प्रक्रिया उद्योगाच्या गुणवत्ता विभागात काढली आणि मग पाच दिवसांचा लीड ऑडिटरचा अभ्यासक्रम करून लेखापरीक्षणाकडे वळले. त्या पाच दिवसांत आयएसओ २२००० या अन्नसुरक्षा व्यवस्थेच्या आंतरराष्ट्रीय मानकाची २०१८ ची आवृत्ती कलमवार समजावली जाते आणि नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे मानकाशी न जुळणाऱ्या गोष्टीचा शेरा, आमच्या बोलण्यातली ‘एनसी’, कशी लिहावी हेही शिकवले जाते. मात्र कंपनीकडे अन्नसुरक्षेची व्यवस्था आहे का हे पाहणे आणि ती व्यवस्था काम करते का हे पाहणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे मला तिथे कोणी सांगितले नाही. पहिले काम फायली चाळून अर्ध्या दिवसात उरकते. दुसऱ्यासाठी यंत्रापाशी जाऊन उभे राहावे लागते.

हे मला उमगले ते पश्चिम महाराष्ट्रातील एका दूध प्रक्रिया केंद्रात. तिथे पाश्चरायझेशन हा सीसीपी, म्हणजे नियंत्रणाचा निर्णायक टप्पा होता: दूध किमान ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद होल्डिंग ट्यूब या नळीतून गेले पाहिजे, आणि तापमान त्याखाली घसरले तर फ्लो डायव्हर्जन व्हॉल्व्हने ते आपोआप मागे, बॅलन्स टँककडे वळवले पाहिजे. ऑपरेटरच्या वहीत दर अर्ध्या तासाची नोंद होती, अक्षर सुवाच्य होते, एकही रकाना कोरा नव्हता आणि प्रत्येक पानावर पर्यवेक्षकाची सही होती. मी समाधानाने पुढच्या मुद्द्याकडे वळणार होते, तेवढ्यात सहज म्हणून यंत्राने स्वतः काढलेला त्याच दिवसाच्या तापमानाचा गोल चार्ट मागितला. चार्टप्रमाणे दुपारी दोन ते सव्वातीन या वेळात यंत्रात दूधच नव्हते, सीआयपी चालू होती, म्हणजे यंत्र न उघडता आतून कॉस्टिक आणि आम्ल फिरवून धुलाई चालली होती. वहीत मात्र अडीच वाजताही दुधाचे तापमान ७२.५ आणि तीन वाजताही ७२.५ लिहिलेले होते.

मी ऑपरेटरला कारण विचारले तेव्हा तो अजिबात गोंधळला नाही. “मॅडम, रकाना कोरा दिसला की तुम्हीच एनसी काढता,” एवढेच तो म्हणाला. त्याच्याकडे बॉयलरही सोपवलेला होता आणि वही तो शिफ्टच्या शेवटी एकदम भरत असे. त्याचे बोलणे मला लागले, कारण ते खरे होते: मागील एका अहवालात ‘नोंद अपूर्ण’ असा शेरा होता आणि त्यावरचा उपाय म्हणून कंपनीने नोंद पूर्ण करण्याची सक्ती केली होती. लेखापरीक्षकाच्या शेऱ्यातूनच खोटी नोंद जन्माला येते, हे आमच्या व्यवसायात फारसे कोणी मान्य करत नाही. तेव्हापासून सलग ७२.५ लिहिलेले पान दिसले की मी त्यालाच अधिक वेळ देते.

लेखापरीक्षणात मिळालेल्या गुणांनी फसगत होते याचे सर्वांत भयंकर उदाहरण अमेरिकेतील आहे. कोलोरॅडोतील जेन्सन फार्म्स या खरबूज उत्पादकाला २०११ च्या उन्हाळ्यात खासगी लेखापरीक्षणात ९६ गुण आणि ‘उत्कृष्ट’ असा शेरा मिळाला, आणि त्याच हंगामातील त्यांच्या खरबुजांतून पसरलेल्या लिस्टेरिया या जिवाणूच्या संसर्गात ३३ माणसे दगावली. फळे धुण्याच्या पाण्यात जंतुनाशक नव्हते, आणि स्वच्छ करायला अवघड अशी यंत्रे वापरात होती. या गोष्टी डोळ्यांना दिसण्याजोग्या होत्या. गुणपत्रिकेत त्यांचे वजन पडले नाही.

व्यवस्था खरोखर काम करते का, या प्रश्नावर नेदरलँड्समधील वॅगनिंगेन आणि बेल्जियममधील गेंट या विद्यापीठांतील संशोधकांनी एक निदानपद्धती तयार केली आहे. ती आधी कंपनीची परिस्थिती किती जोखमीची आहे हे पाहते, मग नियंत्रणाची आणि पडताळणीची कामे कोणत्या पातळीवर चालतात हे पाहते, आणि शेवटी जंतूंच्या तपासण्या, तक्रारी यांसारख्या प्रत्यक्ष निष्पत्तीशी ते ताडते. जोखीम मोठी असेल तर व्यवस्थाही वरच्या पातळीची हवी, हा तिचा गाभा. शेंगदाणा चिक्कीचे उदाहरण घ्या. चिक्कीत मोकळे पाणी फार कमी असल्याने तिच्यात जंतू वाढत नाहीत, भाजणीत साल्मोनेला हा रोगजंतू मरतो, पण बुरशीमुळे दाण्यात तयार झालेले अफ्लाटॉक्सिन हे विष भाजणीने पुरते नष्ट होत नाही. म्हणून तिथली खरी परीक्षा दाण्याच्या खरेदीत असते, आणि नवखा लेखापरीक्षक मात्र दिवसभर कढईपाशी थांबतो.

कामाच्या काही सवयी सांगते. ‘मागच्या सहा महिन्यांत काय बिघडले होते?’ हा प्रश्न सुरुवातीच्या बैठकीतच विचारावा. ‘काहीच नाही’ हे उत्तर आले तर पुढचा दिवस लांबणार हे समजून चालावे. चाचणी सांगण्यावर न सोडता आपल्यासमोर करून घ्यावी: यंत्रात पाणी फिरत असताना तापमान उतरवायला सांगावे आणि व्हॉल्व्ह नेमका कितीला वळतो ते पाहावे. मेटल डिटेक्टरमध्ये चाचणीचा धातूचा तुकडा घातलेले पाकीट बाजूला पडते का, हे सगळेच बघतात. ते ज्या पेटीत पडते तिला कुलूप आहे का आणि किल्ली कोणाकडे असते, हे फार थोडे बघतात. प्रयोगशाळेचे अहवाल वाचताना नमुना कोणत्या दिवशी आणि कोणत्या पाळीत घेतला ते आवर्जून पाहावे. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी स्वॅब, म्हणजे यंत्राचा पृष्ठभाग पुसून घेतलेले नमुने, धुलाईनंतर लगेच, सोमवारी सकाळी घेतलेले असतात.

त्या दूध केंद्रात मी वर्षाने पुन्हा गेले. वहीत आता ‘सीआयपी’ असे लिहून सोडलेले रकाने होते, आणि एका ठिकाणी ७१.४ अशी नोंद, वाफेचा दाब उतरल्याचे कारण व दूध मागे वळल्याची वेळही लिहिलेली होती. ती वेळ चार्टशी तंतोतंत जुळत होती. पर्यवेक्षकाच्या सह्या मात्र महिनाभराच्या पानांवर एकाच शाईने, एकाच बैठकीत केल्यासारख्या दिसत होत्या. त्यावर मी एनसी लिहिली, आणि ऑपरेटरचे नाव तिच्यात कुठेही येणार नाही याची काळजी घेतली.