सोलापूर ते हट्टी: सोन्याचा खडक कसा ओळखावा

सोलापूर परिसरात विहीर खणताना निघालेल्या दगडात काही चकाकले, की सोने सापडल्याची चर्चा सुरू होते. अशा वेळी चकाकीकडे न पाहता आधी खडक पाहावा. भुईकोट किल्ल्याच्या तटात दिसतो तो आपला काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. त्याच्या पोकळ्यांत पुढे गारगोटी, कॅल्साइट आणि झिओलाइट ही खनिजे भरली गेली, सोने नव्हे.

सोन्याचा खडक पाहायचा असेल तर रायचूरकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीजवळ बसावे. शहाबादच्या आसपास काळा कातळ संपून घरोघरच्या फरशीचा थरांचा चुनखडक लागतो आणि यादगीरपासून ग्रॅनाइटच्या गोलाकार शिळांचे डोंगर दिसू लागतात. म्हणजे आपण वरच्या कोवळ्या थरांवरून उतरून भूखंडाच्या जुन्या पायावर आलेले असतो. याच पायात, रायचूर जिल्ह्यातील लिंगसुगूर तालुक्यात, हट्टी-मस्कीचा २५० कोटी वर्षांहून जुना, हिरवट-काळ्या रूपांतरित लाव्हाचा पट्टा आहे. तिथे सुमारे २,००० वर्षांपूर्वीही सोने खणत असत, आणि आजही खाण चालू आहे.

या पट्ट्यात तीन खुणा एकत्र शोधाव्यात: दाबाने चुरडून पानांसारखे पापुद्रे धरलेला खडक, त्यातून जाणारी पांढरी किंवा राखाडी गारेची (म्हणजे गारगोटीची) शीर, आणि शिरेच्या कडेला गंधकयुक्त खनिजांचे बारीक कण. खोलवरून वर आलेल्या गरम पाण्यात सोने गंधकाशी जोडलेले होते. खडकातल्या लोहाने ते गंधक ओढून घेतले, पायराइट हे लोह-गंधकाचे पिवळे खनिज तयार झाले आणि सोने तिथेच उतरले. म्हणून लोहयुक्त खडक महत्त्वाचा, नुसती गार पुरेशी नाही. मात्र एका टनात काही ग्रॅमच सोने असते आणि ते बहुधा डोळ्यांना दिसत नाही, हे ध्यानात ठेवावे.

हाती आलेला पिवळा कण तपासण्यासाठी बाथरूमच्या टाइलची न चकाकणारी मागची बाजू घ्यावी, तिच्यावर कण घासावा आणि उमटलेली रेघ उजेडात नीट पाहावी. सोन्याची रेघ पिवळीच उमटते, पायराइटची हिरवट काळी. सराफाची कसोटी याच तत्त्वावर चालते. मग कणावर सुईचे टोक दाबावे: सोने चेपते, पायराइट फुटते आणि अभ्रकाचे पापुद्रे सुटतात. माझ्याकडे आलेले बहुतेक कण या सुईखालीच अभ्रक ठरले आहेत.

खाणीच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरू नये. हट्टीच्या शिरांमध्ये विषारी आर्सेनिक असलेले आर्सेनोपायराइट हे खनिजही असते, म्हणून तिथला दगड हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि तो घरात कधीही भाजू नये.