लोरा मॉड्यूल लावताय? आधी कोड उघडून बघा

जालन्याकडे मोसंबीच्या बागेत ओलावा मोजायला लोरा मॉड्यूल (कमी विजेत लांबवर माहिती पाठवणारं रेडिओ यंत्र) लावणार असाल, तर नेटवरचा कोड जसाच्या तसा चढवू नका. त्यात बहुधा अमेरिकेची 915 मेगाहर्ट्झ फ्रिक्वेन्सी असते. एकाच चॅनेलवरच्या डिजिटल ट्रान्समीटरला तिथे सिग्नलची किमान 500 किलोहर्ट्झ रुंदी (बँडविड्थ) लागते, आपल्याकडे उलटंच! विनापरवाना पट्टा 865 ते 868 मेगाहर्ट्झ, रुंदी जास्तीत जास्त 200 किलोहर्ट्झ, ताकद 1 वॅट. म्हणून कोडमध्ये फ्रिक्वेन्सी 865.0625 मेगाहर्ट्झ आणि रुंदी 125 किलोहर्ट्झ ठेवा. 890 ते 915 मेगाहर्ट्झचं रान मोबाइलवाल्यांचं, तिथे आपली गुरं सोडू नयेत. रेंज कमी पडली तर पॉवर ताणण्याआधी अँटेना विहिरीजवळच्या टाकीवर चढवून बघा. ती 865 साठीचीच हवी, बरं का. यंत्र बनवून विकणार असाल, तर आधी डब्ल्यूपीसीची (केंद्राच्या दूरसंचार विभागातली रेडिओ लहरींचं नियमन करणारी शाखा) ईटीए, म्हणजे यंत्राच्या प्रकाराची मंजुरी, काढा.