मागणी सरकारकडून मान्य करून घ्यायची तर काय काय करावं लागतं

आपल्या विदर्भात मोर्चाला माणसं कमी पडत नाहीत. चुकतो तो पत्ता. आपण जे मागतो ते ठरवतो कोण हेच न बघता तहसीलदाराला निवेदन देतो, फोटो काढतो अन घरी येतो. आता कापसाचा हमीभाव ना तहसीलदार वाढवू शकत ना कलेक्टर, तो केंद्र सरकार ठरवतं, कृषी मूल्य आयोगाच्या शिफारशीवर, आणि त्यासाठी राज्यांचं, शेतकरी संघटनांचं म्हणणं पेरणीच्या कितीतरी आधी घेतलं जातं. भाव जाहीर झाल्यावर रास्ता रोको करून त्या हंगामात फारसं हाती लागत नाही. पण खरेदी केंद्र सुरू नाही, मालाची प्रत ठरवणारा ग्रेडर येत नाही, गाड्या जिनिंगबाहेर उभ्या आहेत, यासाठी कलेक्टर अन बाजार समितीच्या मागे लागा, तिथं रेटा कामी येतो.

मागणी एकच ठेवा अन आकड्यात ठेवा. "शेतकऱ्याला न्याय द्या" याला कोणीही हो म्हणते, त्यातून निघत काही नाही. २०२४ मध्ये सोयाबीनचं बघा, हमीभावाच्या खरेदीत १२ टक्क्यांच्या वर ओलावा असला की माल परत, आणि मागणी नेमकी होती की मर्यादा वाढवा. केंद्राने नोव्हेंबरमध्ये ती १५ टक्के केली. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं हेही ध्यानात घ्या, वेळ साधणं फार मोठी गोष्ट आहे.

निवेदन एका पानाचं पुरते. वर मागणी, खाली गावचा हिशोब: किती शेतकरी, किती क्विंटल माल परत आला, सोबत काटापट्टीच्या झेरॉक्स. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक अन तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. शिक्का नसला तर उद्या तेच म्हणतील, असं काही आलंच नाही.

राज्याचा विषय असेल तर नागपूरचं हिवाळी अधिवेशन. बहुतेक लोकं अधिवेशन सुरू झाल्यावर पळतात, पण तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागते तो, आमदाराला विधिमंडळात बरेच आधी द्यावा लागतो, म्हणून दिवाळीच्या आसपासच त्याला गाठा, कागद हातात द्या, अन फक्त आपल्याच नाही, विरोधी बाकावरच्यालाही द्या. मोर्चा पोलीस ठरलेल्या पॉईंटवर अडवतात, आत जाते ते चार-पाच जणांचं शिष्टमंडळ. तिथं मंत्र्यासमोर कोण बोलणार हे गावातूनच ठरवून निघा, अन त्यात ज्याच्यावर बेतलं तो माणूस पाहिजेच, बाई असेल तर बाई. सगळे एकदम बोलले की वेळ संपतो अन मागणी राहूनच जाते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आश्वासन म्हणजे निर्णय नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यातल्या आशाताई संपावर गेल्या, मानधनवाढीचं आश्वासन मिळालं, संप मागे घेतला, पण जीआर, म्हणजे लेखी शासन निर्णय, काही निघेना. मग जानेवारी २०२४ मध्ये परत संप, मुंबईत आंदोलन, तेव्हा कुठं मार्चमध्ये महिन्याला ५००० रुपये वाढीचा निर्णय झाला. रात्री-बेरात्री बाळंतिणीला दवाखान्यात नेणाऱ्या या बायांना एकाच गोष्टीसाठी दोनदा घरदार सोडून बसावं लागलं, याचा मला आजही राग येतो. पण त्या हटल्या नाहीत, अन संघटना फुटू दिली नाही. पक्षाचे झेंडे गावात सोडून या असं मी म्हणतो ते याचसाठी, दोन गट पडले की सरकारला दुसऱ्या गटाशी बोलणं सोपं जाते.

म्हणून चर्चा झाली की तिथंच इतिवृत्त मागा, सही कोणाची, तारीख कोणती ते बघा. महिनाभर हालचाल नसेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका, फी १० रुपये, उत्तर ३० दिवसात द्यावं लागते. अर्जात "कारवाई का नाही केली" असं विचारू नका, कारण त्यांना सांगावं लागत नाही. असं लिहा: अमुक आवक क्रमांकाच्या निवेदनावर फाईलमध्ये अधिकाऱ्यांनी लिहिलेल्या टिपणीची प्रत द्यावी, आणि फाईल आज कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे त्याचं पदनाम द्यावं. पुढच्या वेळी शिष्टमंडळ सरळ त्याच टेबलाकडे न्यायचं.