अ‍ॅरेतला 1 काढताना या चुका टाळा

सावदा-रावेर भागातल्या केळी पिकवायच्या चेंबरमधून तापमानाच्या नोंदी गोळा करणारा सी कोड आम्ही जळगावात सांभाळतो. त्यातल्या स्ट्रक्चरच्या (एकत्र बांधलेल्या माहितीच्या गटाच्या) शेवटी ‘नोंदी[1]’ हा अ‍ॅरे, म्हणजे एकाच प्रकारच्या घरांची रांग, एकाच घराचा लिहिलाय, आणि प्रत्यक्षात तिथे दहा-वीस नोंदी बसतात. केळीच्या घडाला किती फण्या, हे घड हातात आल्यावरच कळतं, तसंच हे. सी99 ने (सी भाषेच्या 1999 च्या मानकाने) यासाठी रिकामा कंस दिला: ‘नोंदी[]’. तरी जुन्या कोडमध्ये [1] आणि [0] जागोजाग सापडतात. त्यांच्यासाठी कंपायलर शेवटचा कुठलाही अ‍ॅरे, अगदी [16] सुद्धा, बिनहद्दीचा धरतो आणि हद्दीची तपासणी सुटते. म्हणून [1] आणि [0] च्या जागी [] लिहिण्याचा बदल करायलाच हवा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नुसतं फाइंड-रिप्लेस. मी स्वतः ती केली आहे. आमच्या स्ट्रक्चरमध्ये 4 बाइटची संख्या आणि पुढे 4-4 बाइटच्या नोंदी. साइझऑफ (बाइटमधला आकार सांगणारा सी चा ऑपरेटर) आधी 8 यायचा, 1 काढल्यावर 4 आला. मेमरी मागताना मात्र हिशेब तोच राहिला: साइझऑफ अधिक (संख्या − 1) नोंदी. दहा नोंदींना 44 बाइट हवेत, मिळाले 40. दहावी नोंद शेजारच्या मेमरीवर जाऊन बसली. कंपायलर गप्प, टेस्ट पास. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावल्यावर ते उघडं पडलं. म्हणून आधी त्या स्ट्रक्चरचा प्रत्येक साइझऑफ शोधा आणि तो ‘− 1’ त्याच कमिटमध्ये (कोडबदलाच्या एकाच नोंदीत) काढा. आलेल्या पॅकेटची किमान लांबी, फाइलमध्ये लिहायचे बाइट, मेमसेट (मेमरी एकाच किमतीने भरणारं फंक्शन), सगळं तपासा.

[0] चं [] करताना आकार बदलत नाही, त्यामुळे ते तुलनेने सोपं. पण अ‍ॅरेवरच साइझऑफ लावला असेल तर आधी 0 मिळायचा, आता एरर येते. ती दाबू नका. तिथला हिशेब आधीपासूनच चुकलेला असतो.

असं स्ट्रक्चर दुसऱ्या स्ट्रक्चरच्या मधोमध ठेवलेलं असेल तर त्यापुढचे सदस्य नोंदींच्याच जागेत येतात. जीसीसी या कंपायलरच्या 14 व्या आवृत्तीत यासाठी वेगळी वॉर्निंग आहे, ती चालू करा.

सगळे बदल झाल्यावरच ‘एफ-स्ट्रिक्ट-फ्लेक्स-अ‍ॅरेज=3’ हा लिहिलेली हद्द काटेकोर धरायला लावणारा कंपायलरचा पर्याय लावा; जीसीसी 13 आणि क्लँग (दुसरा एक कंपायलर) 16 पासून तो पर्याय आहे. आधीच लावलात तर उरलेल्या [1] ला कंपायलर खरोखर एकच घर समजेल, आणि दुसरी नोंद वाचणारा लूप भलतंच वागू लागेल. लिनक्स कर्नलमध्येही आधी वर्षानुवर्षं असे अ‍ॅरे बदलत आणले, आणि मग 2023 मध्ये 6.5 आवृत्तीत हा पर्याय सगळीकडे चालू केला.