बायकोसाठी पहिली मोटारसायकल घेताय? या चुका टाळा

रविवारी सकाळी मी बायकांना मोटारसायकल शिकवते. शिकायला येणाऱ्या बऱ्याच जणींच्या घरी गाडी आधीच येऊन उभी असते आणि ती नवऱ्याने निवडलेली असते. प्रेमानेच निवडलेली असते, त्याबद्दल शंका नाही. पण मग सुरुवातीचे आठवडे गाडी शिकण्यापेक्षा त्या गाडीशी झगडण्यातच जातात. काही जणी पुन्हा स्कूटरकडे वळतात आणि आपल्याला हे जमणारच नाही, असं कायमचं ठरवून टाकतात. हे मला बघवत नाही, म्हणून लिहिते आहे.

स्वतःच्या मनातली गाडी तिच्यासाठी घेणे

सगळ्यात मोठी चूक हीच. कोथरूडच्या एका जोडप्याचं सांगते. तिला कॉलेजपासून बाइकची हौस. उंची पाच फूट एक इंच, स्कूटर रोजची. नवऱ्याने लग्नाच्या वाढदिवसाला, तिला कळू न देता, साडेतीनशे सीसीची गाडी आणली. वजन 190 किलो. हार घातला, सोसायटीत पेढे वाटले. तीही हरखून गेली. दुसऱ्या दिवशी पार्किंगचा चढ चढताना गाडी बंद पडली. तिने पाय टेकवला, पण खाली फक्त चवडा पोचला आणि गाडी कलली. एवढी जड गाडी एका मर्यादेपलीकडे कलली की चांगल्या दणकट माणसालाही ती हाताने धरून ठेवता येत नाही. आरसा फुटला, क्लचचा लिव्हर तुटला, तिचा पाय गाडीखाली सापडला. हाड वाचलं. पण त्यानंतर ती गाडी नवराच चालवू लागला आणि ती मागे बसू लागली.

पुढे बऱ्याच दिवसांनी ती माझ्याकडे आली, एक जुनी 125 सीसीची गाडी घेऊन. पहिल्याच सकाळी ती पहिल्या गिअरमध्ये मैदानाला फेऱ्या मारत होती. हिंमत तिच्यात आधीही तेवढीच होती.

लोक सीटची उंची बघतात आणि वजन विसरतात. स्प्लेंडरची सीट 785 मिमी, हंटर 350 ची 790 मिमी. म्हणजे उंचीत फरक जवळपास नाहीच. पण वजन बघा : एक सुमारे 112 किलो, दुसरी सुमारे 180. क्लासिक 350 तर 195 किलोची. उलट ॲव्हेंजरची सीट 737 मिमी इतकी खाली, पण गाडी दीडशे किलोच्या वरची. पाय टेकतात म्हणून ती सोपी वाटते आणि पार्किंगमधून मागे ढकलताना घाम फोडते. सीट पुढे किती रुंद आहे यावरही पाय कुठे पोचतो ते ठरतं, आणि कागदावरच्या आकड्यांत ते दिसत नाही.

म्हणून माझी सवय सांगते. शोरूममध्ये तिला गाडीवर बसवा. पायात रोजची चप्पल नको, चालवताना घालणार तोच बूट हवा. इंजिन बंद. साइड स्टँडवरून गाडी तिनेच सरळ करायची, बसल्या बसल्या पायाने मागे न्यायची, मग उतरून हाताने ढकलत वळवायची आणि परत स्टँडला लावायची. क्लच पूर्ण दाबताना बोटं ताणली जातायत का तेही बघा. हे सगळं तिला मदतीशिवाय जमलं, तरच किमतीचं बोलणं सुरू करा. त्या वेळी नवऱ्याने बाहेर थांबावं. सेल्समनला सगळी उत्तरं तोच देत बसतो.

आणि "पाय पुरत नाहीत तर सस्पेन्शन खाली करून घेऊ" हा आडमार्ग मला अजिबात मान्य नाही. गाडी खाली आली की आपल्याकडच्या गतिरोधकांवर पोट घासतं. साइड स्टँड आहे तेवढाच राहतो, म्हणून उभी केलेली गाडी जवळजवळ सरळ राहते आणि जरा धक्का लागला की दुसऱ्या बाजूला पडते. फार तर सीटचा फोम चांगल्या कारागिराकडून थोडा कमी करून घ्या.

"स्कूटर येते ना, मग बाइक काय अवघड!"

पुण्यातल्या बायका लुना, कायनेटिकपासून गाड्या चालवतात. रहदारीची समज, खड्डा चुकवणं, रिक्षावाल्याचा अंदाज, हे सगळं त्यांच्या अंगात मुरलेलं आहे. त्याचा फायदा होतोच. पण एक सवय घातक ठरते आणि ती कुणी आधी सांगत नाही.

स्कूटरचा डावा लिव्हर म्हणजे ब्रेक. आताच्या बहुतेक स्कूटरवर तो दाबला की दोन्ही चाकांना ब्रेक लागतो, त्यामुळे कित्येक जणींची सगळी मदार त्या डाव्या हातावर असते. मोटारसायकलवर त्याच जागी क्लच आहे. कुत्रं आडवं आलं की हात जुन्या सवयीने तोच लिव्हर आवळतो. क्लच दाबला गेला की इंजिन चाकापासून सुटतं आणि गाडी मोकळी धावते. ब्रेक तर लागलेलाच नसतो. माझ्याकडे आलेली एक जण, बारा-तेरा वर्षं स्कूटर चालवलेली, मैदानाच्या कडेच्या कुंपणात अशीच शिरली. कुंपण तारेचं होतं आणि वेग कमी होता, म्हणून खरचटण्यावर निभावलं. तेच कर्वे रोडवर बसच्या मागे झालं असतं तर?

यावर मी एकच करते. पहिले काही दिवस गिअर बदलणं वगैरे काही नाही. पहिला गिअर, थोडं जायचं, उजव्या हाताने आणि उजव्या पायाने ब्रेक दाबून थांबायचं. पुन्हा जायचं, पुन्हा थांबायचं. मी मध्येच ओरडते, "थांब!" विचार न करता उजवी बाजू दबली पाहिजे. या काळात रोजची स्कूटर बंद ठेवता आली तर फारच उत्तम. बहुतेकींना हे कंटाळवाणं वाटतं. दुसऱ्या आठवड्यात सिंहगडाच्या घाटात जायचंय म्हणणाऱ्या मुलीही येतात, त्यांना मी सरळ नाही म्हणते. उतारावर वळणात थांबायला जमल्याशिवाय घाट नाही, आणि नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार तर नाहीच नाही.

नवऱ्याने मागे बसून शिकवणे

करू नका. तुमच्या वजनाने गाडीचा तोल बदलतो, तुम्ही पुढे वाकून हँडल धरता आणि तिला कळतच नाही की गाडी कुणी सावरली. शिवाय तुमचा आवाज चढतो. दुसऱ्या कुणाला शिकवू द्या.

बाकीच्या चुका थोडक्यात.

पहिली गाडी कोरी करकरीत घेऊ नका. ती पडणार आहे. चांगली जुनी घ्या, लेगगार्ड लावा, क्लच-ब्रेकचे जादा लिव्हर नाना पेठेतून आणून ठेवा. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर विकणाऱ्याच्या सह्या घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

तुमचं जुनं हेल्मेट तिला देऊ नका. आपल्याकडे बायका आधी स्कार्फ गुंडाळतात, तेव्हा तो गुंडाळूनच हेल्मेटचं माप बघा. हेल्मेटवर आयएसआय खूण हवीच. ओढणी जॅकेटच्या आत.

125 सीसीच्या वरची गाडी घेणार असाल तर 2019 च्या एप्रिलनंतरची बघा, तेव्हापासून त्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे.

तिचं लायसन्स हातात घेऊन नीट वाचा. कित्येकींकडे फक्त बिनगिअरच्या गाडीचं असतं, आणि त्यावर मोटारसायकल चालवता येत नाही. गिअरच्या गाडीसाठी पुन्हा कच्चं लायसन्स काढावं लागतं. ते सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनंतर पक्क्याची परीक्षा देता येते. हे आधी करा, गाडी नंतर.

आणि गाडी तिच्याच नावावर घ्या. विम्यात मालक-चालकासाठी जो 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो ज्याच्या नावावर गाडी आहे त्यालाच, आणि त्याच्याकडे योग्य लायसन्स असेल तरच लागू होतो. गाडी तुमच्या नावावर आणि चालवणारी ती, असं असेल तर हे संरक्षण तिला नाही. जुनी गाडी घेतली असेल तर नाव बदलल्यावर विम्यावरही तिचं नाव चढवून घ्या. एजंट हे स्वतःहून सांगेलच असं नाही, तुम्हीच विचारा.