आजोबा गेले आणि असाइनमेंट राहिली: विद्यापीठाला हे कसं कळवायचं

इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेत मी सल्लागार आहे. मे महिन्यात माझ्यासमोरची खुर्ची रिकामी राहत नाही. त्यात आपली मराठी मुलं येतात सगळ्यात शेवटी, निकाल लागल्यावर. "ताई, म्हटलं कशाला सांगायचं, निघेल कसंतरी निभावून." निभावत नाही, म्हणून हे लिहितेय.

अशी अडचण विद्यापीठाला कळवण्याच्या अर्जाला इथे मिटिगेटिंग सर्कमस्टन्सेस म्हणतात, कुठे एक्सटेन्युएटिंग. अचानक, आपल्या हातात नसलेलं काही घडलं आणि त्याचा अमुक पेपरवर परिणाम झाला, एवढंच त्यात दाखवायचं असतं. यातून सहसा वाढीव मार्क मिळत नाहीत. मिळते ती मुदतवाढ, उशिराच्या दंडातून सूट किंवा पेपर पुन्हा 'पहिला प्रयत्न' म्हणून देण्याची संधी. हा शिक्का महत्त्वाचा. साध्या रीसिटला, म्हणजे नापास झाल्यावर पुन्हा दिलेल्या पेपरला, बहुतेक ठिकाणी पासिंगपुरतेच मार्क धरतात, मास्टर्सला ५०, पेपर कितीही सोनं झाला तरी.

बऱ्याच विद्यापीठांत 'फिट टू सिट' हा नियम आहे: पेपरला बसलात म्हणजे आपली तब्येत ठीक आहे असं तुम्हीच जाहीर केलंत. एमएस्सीला असताना मी घरून आणलेल्या थर्मामीटरवर १०२ ताप बघितला, क्रोसिन घेतली आणि पेपरला गेले. आई फोनवर म्हणाली होती, "दोन तासांचा तर प्रश्न आहे, बस." मिळाले ४३. मग केलेला अर्ज दोन ओळींत फेटाळला गेला: आपण परीक्षेस उपस्थित होता. तेव्हा ताप असेल तर जाऊ नका, आणि अर्ज त्याच दिवशी करा.

आता मजकूर. सांगलीकडचा एक मुलगा पानभर लिहून आला होता. आजोबांनी लहानाचं मोठं केलं, मी खचलोय, कृपया सहानुभूतीने विचार व्हावा. सगळं खरं, पण पानभरात एकही तारीख नाही. आम्ही कागद बाजूला ठेवला आणि कॅलेंडर उघडलं. शेवटी उरलं ते असं: "६ मे रोजी आजोबांचं निधन झालं. मी त्यांच्याच घरी वाढलो. ७ ते १९ मे मी भारतात होतो. आमच्याकडे विधी तेरा दिवस चालतात आणि घरच्यांनी तिथे असणं अपेक्षित असतं. १४ मेची असाइनमेंट त्यामुळे अर्धवट राहिली." तेराव्याचं वाक्य मी मुद्दाम घालायला लावलं. अर्ज तपासणाऱ्या समितीतल्या माणसाच्या डोक्यात अंत्यसंस्कार म्हणजे एक दुपार असते.

पुरावा म्हणून मृत्यूचा दाखला. महाराष्ट्रातला दाखला सहसा मराठी-इंग्रजी दोन्हींत असतो, त्यामुळे भाषांतराची कटकट नाही. हातात यायला वेळ लागणार असेल तर अर्ज अडवू नका. तिकीट आणि बोर्डिंग पास जोडा, 'दाखला मिळताच पाठवतो' असं लिहा. आजारपणात मात्र तब्येत बिघडलेली असतानाच डॉक्टरकडे जा. बरं झाल्यावर मिळणाऱ्या पत्रात 'विद्यार्थी सांगतो की' एवढंच असतं, आणि त्याला किंमत नसते. विद्यापीठासाठी पत्र देणं इथल्या जीपीला (फॅमिली डॉक्टरला) बंधनकारक नाही. दिलंच तर फी लागू शकते. आणि हो, 'ओळखीचे डॉक्टर आहेत, मागची तारीख टाकून देतील' हे माझ्यासमोर बोलूही नका. पडताळणी होते. मग प्रश्न एका पेपरचा राहत नाही, शिस्तभंगाचा होतो.

लॅपटॉप बंद पडला, गजर वाजला नाही, नोकरीची शिफ्ट होती, मामेबहिणीचं लग्न होतं: ही कारणं सहसा चालत नाहीत. (लग्न दरवर्षी कुणाचं तरी असतंच.) अनेक ठिकाणी पुराव्याशिवाय थोड्या दिवसांची मुदतवाढ मिळते, पण वर्षातून मोजक्याच वेळा. ती ऑक्टोबरच्या सर्दीवर उधळू नका. मायग्रेन, मधुमेह, नैराश्य असं जुनं दुखणं असेल तर वाट वेगळी: वर्षाच्या सुरुवातीलाच डिसॅबिलिटी सर्व्हिसकडे नोंद करा. २०१०च्या समानता कायद्याखाली जादा वेळ वगैरे सोयी तिथून मिळू शकतात.

पेपर ऑगस्टवर गेला तर व्हिसाची तारीख बघा आणि होकार देण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारा.

अर्ज फेटाळला तर आधी विद्यापीठातच अपील. त्याची मुदत फार थोडी असते. तिथलं सगळं संपलं की 'कम्प्लीशन ऑफ प्रोसिजर्स' पत्र मिळतं. त्या तारखेपासून १२ महिन्यांत इंग्लंड आणि वेल्समधले विद्यार्थी विद्यापीठाबाहेरच्या स्वतंत्र तक्रार संस्थेकडे, म्हणजे ऑफिस ऑफ द इंडिपेंडंट अ‍ॅज्युडिकेटरकडे विनामूल्य तक्रार करू शकतात. प्रक्रिया नीट झाली का, हे ते बघतात. तुमचे मार्क बरोबर की चूक, यात पडत नाहीत. ते पत्र मागूनही येत नसेल तर तुमच्या संघटनेतही माझ्यासारखं कुणीतरी बसलेलं असतं. ईमेल करा, आणि विषयाच्या ओळीतच पेपरची तारीख घाला.